‘मी कोण सांगणारी?’ हा प्रश्न बरोबर घेऊनच पहिला गट सुरू करा

वाचकाचे पत्र

मी सेहेचाळीस वर्षांची असून नाशिकला राहते. पुण्यात हिंजवडीतील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये मी १४ वर्षे भरती विभागात काम केले. सासूबाईंच्या आजारपणामुळे २०१८ मध्ये नोकरी सोडली आणि आम्ही नाशिकला आलो. त्यानंतर ओळखीतल्या आठ-दहा बायकांना रिझ्युमे नीट करून देणे, मुलाखतीची तयारी करून घेणे अशी मदत मी सहज म्हणून केली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी पुन्हा नोकरीला लागल्या. त्यावरून करिअर ब्रेकनंतर परतू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी आठ आठवड्यांचा ऑनलाइन गट सुरू करावा असे मनात आले. नाव ठरवले, लोगो करून घेतला, कोचिंगचा व्यवसाय कसा करावा हे शिकवणाऱ्या एका महागड्या कोर्सची फी भरली; पण दीड वर्ष झाले तरी जाहीर करण्याचे धाडस होत नाही. नणंद म्हणते की हे सगळे यूट्यूबवर फुकट मिळते. पती विरोध करत नाहीत, पण ‘याला पैसे कोण देणार?’ असे विचारतात. जुने सहकारी लिंक्डइनवर पाहून हसतील अशी भीती वाटते. माझ्याकडे कोचिंगचे प्रमाणपत्र नाही. याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात, असे एका व्हिडिओत ऐकले. न्यू जर्सीतील मैत्रीण म्हणते की तिकडच्या मराठी बायकाही गटात येतील. आणि खरे सांगायचे तर मी स्वतः नोकरीला परतलेली नाही. मग इतरांना परतण्याचा मार्ग दाखवणारी मी कोण?

— एक वाचक, नाशिक

सप्रेम नमस्कार.

पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे जे वाक्य तुम्ही लिहिले आहे, तेच या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे असे मला वाटते, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. नणंदेचे बोलणे, जुन्या सहकाऱ्यांची नजर, प्रमाणपत्र नसणे या गोष्टी मनाला टोचतात हे खरे, परंतु त्यांना उत्तरे आहेत. ‘मी स्वतः परतलेली नाही’ ही शंका मात्र निराळी आहे, कारण ती वस्तुस्थितीला धरून आहे. ‘स्वतःवर विश्वास ठेवा आणि पुढे व्हा’ असे सांगून कुणी ती झटकून टाकायला लावत असेल तर कृपा करून ऐकू नका. ती दडपून गट सुरू केलात, तर दुसऱ्याच बैठकीत कुणीतरी सहज विचारील की ‘ताई, तुम्ही परत कधी जॉइन झालात?’ आणि त्या क्षणी तुमची जी चलबिचल होईल, तिचीच धास्ती तुम्ही आज दीड वर्ष बाळगून आहात.

पहिल्या बैठकीत ओळख करून देतानाच सरळ सांगा, की मी ब्रेकनंतर नोकरीला परतलेली नाही. मी १४ वर्षे रिझ्युमे वाचणाऱ्या आणि मुलाखतीला कुणाला बोलवायचे ते ठरवणाऱ्या बाजूला बसत होते आणि त्या बाजूला काय चालते ते मला ठाऊक आहे. एवढे बोलून झाले की तुमच्याकडे लपवण्यासारखे काही उरत नाही. मग परतण्याचा अनुभव गटाला कुठून मिळणार, हा प्रश्न राहतो. तर तुम्ही मदत केलेल्या आणि आता नोकरीत रुळलेल्या एखाद्या मैत्रिणीला तिसऱ्या किंवा चौथ्या बैठकीला बोलवा. आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या मॅनेजरच्या हाताखाली काम करताना सुरुवातीला येणारा संकोच, मुलाच्या तापाच्या दिवशी रजा मागताना होणारी घालमेल, घरकामाची नव्याने करावी लागलेली वाटणी, यांबद्दल ती जे सांगेल ते तुम्हाला सांगता येणार नाही आणि तुम्ही तसा प्रयत्नही करू नये. म्हणजे ज्या शंकेने तुम्हाला अडवून धरले होते, तिनेच तुमच्या कार्यक्रमातली एक चांगली बैठक आखून दिली.

आता तुमच्याकडे जे आहे त्याकडे वळू, कारण त्याची किंमत तुम्ही फार कमी लावली आहे. समजा, तुमच्या गटात अशी एक बाई आली, जिने एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात नऊ वर्षे काम केले आणि २०१७ च्या सुरुवातीला बाळंतपणासाठी नोकरी सोडली. तिच्या रिझ्युमेच्या पहिल्याच परिच्छेदात ‘कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे २०१७ पासून कार्यरत नाही’ असे वाक्य आहे आणि त्याखाली दोन ओळी जणू माफी मागणाऱ्या आहेत. तिची समजूत अशी, की रिझ्युमे उघडणारा माणूस त्या रिकाम्या वर्षांकडे पाहून तिला नापास करतो. तुम्हाला माहीत आहे की त्या माणसापुढे त्या दिवशी अशा रिझ्युमेंचा ढीग असतो आणि खंडाच्या कारणाचा विचार करायला त्याला फुरसत नसते. त्याला फक्त एवढेच पाहायचे असते, की या उमेदवाराला आजचे काम आज जमेल का. आणि इथे तिच्या खंडात एक गोष्ट खरोखरच निसटली आहे, जिच्याकडे तिचे लक्षच नाही. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. तिने आयुष्यात एकही जीएसटी रिटर्न भरलेले नाही. हिशेबासाठी तिने वापरलेल्या टॅली या सॉफ्टवेअरची आवृत्तीही मागे पडली आणि २०२० मध्ये टॅली प्राइम आले. म्हणजे ज्या गोष्टीची तिला लाज वाटते ती आड येत नाही, आणि जी गोष्ट आड येते ती काही आठवड्यांच्या अभ्यासाने शिकता येण्याजोगी आहे. हे तिला वेगळे करून दाखवणे म्हणजेच तुमचे काम. ते माफीचे वाक्य तिच्याकडून खोडून घ्यायचे, त्या जागी तिची नऊ वर्षांची ताळेबंद, बँक जुळवणी आणि ऑडिटच्या तयारीची कामे नेमक्या शब्दांत मांडून घ्यायची, आणि जीएसटीच्या सरावाला ती कोणत्या तारखेपासून बसणार ते सर्वांसमक्ष विचारायचे.

तुमच्या स्वतःच्या मनातल्या गोंधळालाही नेमकी हीच पद्धत लावावी असे मी सुचवीन.

या क्षेत्रातल्या आणखी कितीतरी गोष्टी तुम्ही इतक्या सहज जाणता, की ते ज्ञान आहे हेच तुमच्या ध्यानात येत नसावे. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या जागी काढावे लागणारे दिवस, सर्रास असतो आणि जागा लगेच भरायची असली की भरती विभागाची त्यापायी किती ओढाताण होते, हे तुम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. पण घरी असलेल्या स्त्रीला कुणी हे सांगत नाही, की ‘मी पुढच्या सोमवारपासून रुजू होऊ शकते’ हे वाक्य तिच्या बाजूने फार वजनदार आहे. नोकरी डॉट कॉमवर शोध घेताना रिक्रूटर अलीकडे सक्रिय असलेली प्रोफाइल आधी पाहतात, म्हणून एकदा टाकलेला रिझ्युमे महिनोन् महिने तसाच ठेवणारीला फोन येत नाही. लिंक्डइनने २०२२ मध्ये प्रोफाइलवर करिअर ब्रेक उघडपणे नोंदवण्याची सोय केली. टाटा समूहाने २००८ पासून ब्रेक घेतलेल्या स्त्रियांसाठी वेगळा इंटर्नशिप कार्यक्रम सुरू केला आणि पुढे इतरही मोठ्या कंपन्यांनी तशा योजना आणल्या. शिवाय कागदपत्रे. ऑफर हातात पडल्यावर पार्श्वभूमीची पडताळणी सुरू होते आणि तेव्हा कळते, की जुन्या कंपनीने नोकरी सोडताना दिलेले रिलिव्हिंग लेटर सापडत नाही, पदवीवर माहेरचे नाव आहे आणि पॅनवर सासरचे, भविष्यनिर्वाह निधीच्या जुन्या खात्यावर तिसरेच स्पेलिंग आहे. हे सारे अर्ज करण्याआधीच निस्तरून ठेवायला लावणारी जाणती बाई जिच्या ओळखीत नाही, तिच्यासाठी तुमचा गट हवा आहे.

इम्पोस्टर सिंड्रोमविषयी थोडक्यात लिहिते. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या निरीक्षणावरून एक निबंध लिहिला. पदव्या, पदे, वरिष्ठांची शाबासकी असे सगळे पुरावे समोर असूनही या स्त्रियांना आपण लोकांना फसवत आहोत आणि कधीतरी उघडे पडू असे वाटत असे. ते वाटणे त्या दोघींनी मांडले. ते आजाराचे निदान नव्हते. ज्या मदतीने तुमच्या मैत्रिणी नोकरीला लागल्या, तिचे श्रेय तुम्ही ‘सहज म्हणून केली’ असे लिहून उडवून लावता, तेथे हे वर्णन तुम्हाला लागू पडते. मात्र पैसे घेऊन, आठ आठवडे सलग, अनोळखी स्त्रियांचा गट चालवणे हे काम तुम्ही अद्याप केलेलेच नाही. त्याबद्दल साशंक असणे स्वाभाविक आहे आणि त्याला इतके भारदस्त नाव देण्याचे कारण नाही. त्या निबंधातली एक गोष्ट मात्र तुमच्या उपयोगाची आहे. अशा स्त्रियांसाठी त्या दोघींनी गटातल्या कामाची आवर्जून शिफारस केली होती, कारण दुसरी हुशार बाई स्वतःला नालायक समजते हे ऐकताना त्यातला फोलपणा चटकन दिसतो, जो स्वतःच्या बाबतीत दिसत नाही. तुमच्या गटात अकाउंट्सवाली बाई एखाद्या शिक्षिकेला सांगेल की ‘अहो, तुम्ही चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलात की!’ आणि ते वाक्य तुमच्या तोंडून आले असते त्यापेक्षा अधिक खोल जाईल.

माझा असा कयास आहे, की तुमच्या धास्तीमागे मराठी मनातले एक जुने चित्रही असावे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे गावोगावी व्याख्यानांची परंपरा रुजली आणि तिने समाजाला खूप दिले. पण त्यामुळे ‘सांगणारा’ म्हटला की व्यासपीठावर बसलेला, विषयाचा अधिकारी, प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेला वक्ताच आपल्या डोळ्यांपुढे येतो. तुम्ही स्वतःला त्या खुर्चीत बसवून पाहता आणि अर्थातच अपुऱ्या पडता. गट चालवणारीचे काम तिथे बसण्याचे नाही. नणंद म्हणतात ते बरोबरच आहे. रिझ्युमे कसा लिहावा याची माहिती यूट्यूबवर भरपूर आहे आणि ती पुन्हा सांगण्यासाठी कुणी पैसे देऊ नयेत. पण यूट्यूबवरचा माणूस तुमचा रिझ्युमे उघडून वाचत नाही, आणि गेल्या गुरुवारी ज्या तीन ठिकाणी अर्ज करीन म्हणालात त्यांचे काय झाले, असे या गुरुवारी विचारत नाही. तेव्हा प्रत्येक बैठकीत तुमचे स्वतःचे बोलणे पंधरा मिनिटांवर जाऊ देऊ नका. उरलेला वेळ प्रत्येकीचा हिशेब, एखाद्या रिझ्युमेची सर्वांदेखत दुरुस्ती आणि पुढच्या आठवड्याचे ठरवणे यांत जाऊ द्या. असा गट चालवायला वक्तृत्व लागत नाही, नीट ऐकण्याची सवय आणि थोडी शिस्त लागते.

आता दीड वर्षाबद्दल. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये, ‘हे मला जमेल’ ही खात्री माणसात कुठून येते याचा सिद्धान्त मांडला आणि तिचे चार उगम सांगितले: स्वतः केलेले काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीराच्या अवस्थेचा, म्हणजे धडधडीचा वा थकव्याचा, आपण लावलेला अर्थ. या चारांत स्वतः केलेले काम सर्वांत प्रबळ असते, असे त्यांचे म्हणणे होते. तुम्ही दीड वर्ष उरलेल्या तीन वाटांनी खात्री मिळवण्याचा प्रयत्न करत आहात. कोर्समध्ये दुसऱ्यांची उदाहरणे पाहिलीत, व्हिडिओंतून धीर घेतलात, धडधड थांबण्याची वाट पाहिलीत. लोगो आणि नाव तर या चारांतल्या कशातच बसत नाहीत. जी एक वाट खऱ्या अर्थाने चालते, तिच्यावर पाऊल टाकायचे तर काम इतके लहान करायला हवे, की ते आजच्या साशंक मनानेही पार पडेल.

म्हणून पहिला गट सहा जणींचाच ठेवा आणि तो पहिला आहे हे त्यांना सांगा. दर गुरुवारी रात्री साडेआठ ते दहा, आठ आठवडे. फी माझ्या मते प्रत्येकी ४,००० रुपये असावी. बैठकांचे बारा तास, रिझ्युमे वाचणे, फोनवरच्या तयारीच्या मुलाखती आणि टिपणे धरून तुमचे चाळीसेक तास जातील. २४,००० रुपयांत तासाला ६०० रुपये पडतात. तुमच्या अनुभवाच्या मानाने हे कमीच आहे, पण पहिल्या गटासाठी योग्य आहे आणि तो आकडा उच्चारताना तुमचा आवाज अडखळणार नाही. फुकट मात्र करू नका. ओळखीतल्यांना मोफत मदत तुम्ही पुष्कळ केली आहे. त्यातून जे कळायचे ते कळले आहे, आणि फुकटच्या गटात तिसऱ्या आठवड्यापासून ‘आज पाहुणे आलेत’ सुरू होते. ज्यांना दुसऱ्या बैठकीनंतर हा गट आपल्यासाठी नाही असे वाटेल, त्यांना पूर्ण फी परत द्यायची, हा नियम आधीच लिहून कळवा. पैसे घेण्याचा संकोच त्याने निम्मा होतो. खर्च म्हणाल तर झूमच्या मोफत खात्यात बैठक चाळीस मिनिटांना तुटते आणि गूगल मीटच्या मोफत खात्यात गटाला एक तास मिळतो, तेव्हा दोन महिन्यांची सशुल्क वर्गणी भरा. वेबसाइट आणि जाहिरात यांना सध्या हात लावू नका.

जाहीर कुठे करायचे, तर कुठेच नाही. तुम्ही मदत केलेल्या प्रत्येकीला व्हॉट्सॲपवर स्वतंत्र निरोप पाठवा आणि तो साधा असू द्या: ‘नमस्कार. करिअर ब्रेकनंतर नोकरीला परतू पाहणाऱ्या सहा जणींचा एक ऑनलाइन गट मी सुरू करते आहे. आठ गुरुवार, रात्री साडेआठ ते दहा, फी ४,००० रुपये. रिझ्युमे, कागदपत्रे, मुलाखतीची तयारी आणि दर आठवड्याचा पाठपुरावा हे यात असेल. नोकरीची हमी मी देत नाही. तुझ्या ओळखीत कुणाला याची गरज असेल तर तिला माझा नंबर दे.’ ज्या बायकांचे तुमच्यामुळे भले झाले आहे त्यांना हा निरोप म्हणजे तुमच्यासाठी काहीतरी करण्याची संधी वाटेल.

‘हमी देत नाही’ हे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. तुम्ही ज्या कोर्सची फी भरलीत, तशा कोर्सांत बहुधा याच्या उलट शिकवले जाते. मोठी आश्वासने, उतरते घड्याळ, शेवटच्या दोन जागा. त्या पद्धतीची तुम्हाला शिसारी येत असेल आणि त्यामुळेही पाय मागे ओढला जात असेल, तर ती शिसारी योग्य आहे, तिला आत्मविश्वासाचा अभाव समजू नका. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्लासांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत निवडीची वा नोकरीची हमी देण्याला मनाई आहे आणि यशस्वी विद्यार्थ्याचे नाव-छायाचित्र त्याच्या यशानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. ती तत्त्वे प्रामुख्याने शिकवणी वर्गांसाठी असली तरी तुम्ही ती स्वतःला लावून घ्यावीत. बैठकीचे रेकॉर्डिंगही करू नका, कारण तिथे बायका पगार, घर, नवरा यांबद्दल मोकळेपणी बोलणार आहेत. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्यांना साधारणपणे वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, त्यामुळे त्या काळजीने आज झोप घालवू नये. मिळालेली फी प्राप्तिकराच्या विवरणात दाखवायची, एवढे लक्षात ठेवा आणि पावती द्या.

प्रमाणपत्राचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. भारतात करिअर कोचिंग करण्यासाठी कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. या क्षेत्रातली सर्वांत परिचित संस्था म्हणजे १९९५ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन. तिच्या पहिल्या पायरीच्या मान्यतेसाठी ६० तासांचे प्रशिक्षण लागते आणि त्याखेरीज प्रत्यक्ष कोचिंगचा १०० तासांचा अनुभव दाखवावा लागतो, ज्यातला बराचसा मोबदला घेऊन केलेला असावा लागतो. म्हणजे ते प्रमाणपत्र हवे असले तरीही माणसे आधी गोळा करावीच लागतात. दोन गट झाल्यावर, आपल्याला प्रश्न विचारण्याची कला कमी पडते असे वाटले, तर प्रशिक्षण अवश्य घ्या. एक सीमा मात्र आजपासूनच पाळा. गटातली एखादी आठवडेच्या आठवडे झोप नसल्याचे, सतत रडू येत असल्याचे, जगण्यात राम न राहिल्याचे सांगू लागली, तर ते रिझ्युमेचे काम नव्हे. तिच्याशी गटाबाहेर, एकटीशी बोला, मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवा आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिला द्या. आपल्याला कोणते काम येत नाही हे ठाऊक असलेल्या व्यक्तीच्या हाती गट सोपवायला मला भीती वाटत नाही.

जुन्या सहकाऱ्यांविषयी तुम्ही जरा अन्याय करत आहात असे वाटते. काहीजण हसतीलही, पण भरती विभागातली माणसे चांगल्या उमेदवाराच्या शोधात कायम असतात आणि तुम्ही तेच तयार करून देणार आहात. त्यांच्यातल्या एका विश्वासू मैत्रिणीला आत्ताच फोन करा आणि सातव्या आठवड्यात दोघी-तिघींच्या सरावाच्या मुलाखती घेशील का, असे विचारा. तेवढा तासभर कुणी नाकारत नाही. न्यू जर्सीच्या मैत्रिणीला मात्र सध्या नम्रपणे नाही म्हणा. वेळ जुळते हे खरे, आपल्या रात्रीच्या साडेआठला तिकडे उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजतात. पण तिथल्या स्त्रियांचा प्रश्न व्हिसापासून सुरू होतो. एच-१बी या कामाच्या व्हिसावर गेलेल्या नवऱ्याबरोबर एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर गेलेल्यांपैकी काही ठरावीक पत्नींनाच २०१५ पासून कामाची परवानगी मिळू लागली आहे, तिथली भरतीची रीत वेगळी आहे, आणि तुमचा सगळा अधिकार ज्या माहितीवर उभा आहे ती पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची आहे. तिथे तुम्ही खरोखरच अंदाजाने बोलाल.

सहा जणी मिळाल्या नाहीत तर काय? चार मिळाल्या तर सुरू करा. त्याहून कमी मिळाल्या तर आलेली फी परत करा आणि ज्यांनी विचारून नकार दिला त्यांना फोन करून कारण विचारा. वेळ गैरसोयीची होती, फी एकदम देणे जड गेले, घरातून संमती नव्हती, की नोकरीपेक्षा घरबसल्या काम हवे होते, ही कारणे एकमेकांपासून फार वेगळी आहेत आणि प्रत्येकावर करायचा बदलही वेगळा आहे. त्या उत्तरांत ‘तुम्ही कोण सांगणाऱ्या?’ असे म्हणणारी बहुधा एकही सापडणार नाही. आणि सहा मिळाल्या, तर पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी तुमच्या छातीत धडधडणार आहे, हे आताच गृहीत धरा. जुन्या दोन मैत्रिणींना घेऊन त्या आठवड्यात एक रंगीत तालीम करा, म्हणजे स्क्रीन शेअर कसे करायचे, नेट गेले तर मोबाइलवरून कसे जोडायचे, बोलकीला हळूच थांबवून गप्प बसलेलीला कसे बोलते करायचे, याचा सराव होईल.

राहिले पती. त्यांच्या ‘कोण पैसे देणार?’ या प्रश्नात मला उपहास दिसत नाही. घरातला पैसा एका कोर्समध्ये गेलेला आहे आणि ते हिशेब विचारत आहेत. त्यांना पटवण्यात शक्ती खर्च करू नका, चोवीस हजारांचा आणि चाळीस तासांचा वर दिलेला हिशेब कागदावर मांडून दाखवा, आणि त्यांच्याकडून एकच गोष्ट मागून घ्या: गुरुवारी साडेआठ ते दहा आतल्या खोलीचे दार बंद राहील, त्या वेळचे जेवण, मुलांचे प्रश्न आणि सासूबाईंची औषधे त्यांच्याकडे राहतील. हे बोलणे निरोप पाठवण्याआधी व्हायला हवे, आणि एक-दोन गुरुवार गट नसतानाही ती व्यवस्था चालवून पाहा. त्या दीड तासात तुम्ही मदत केलेल्या मैत्रिणींची यादी काढा आणि त्यांच्यातल्या प्रत्येकीचे नेमके काय अडले होते व तुम्ही काय केलेत ते लिहून ठेवा. आठ बैठकांचा आराखडा त्या कागदांतूनच तयार होईल.